वरच्या मजल्याच्या सळया

घरातून निघायला थोडाच वेळ उरला होता, आणि बाबा मला गच्चीवर घेऊन गेले. खाली आई जवसाची चटणी डब्यात दाबून भरत होती, बॅग दाराशी उभी होती आणि भंडाऱ्याच्या स्टँडवरून नागपूरची गाडी दुपारी सुटायची होती. मला वाटलं, बाबांना एकांतात काही सांगायचं असेल. मुलगी पहिल्यांदाच एवढ्या लांब, थेट पुण्याला नोकरीसाठी निघाली की बाप काहीतरी सांगतोच, असा माझा समज होता. रडायचं नाही हेही मी ठरवून ठेवलं होतं. बाबांनी मात्र काहीच सांगितलं नाही. त्यांनी मला सळया दाखवल्या.

आमच्या भागातल्या माणसांना हे सांगायला नको, पण पुण्यात जन्मलेल्यांसाठी सांगते. आमच्याकडे घर एका दमात बांधून होत नाही. खालचा मजला बांधायचा, वर स्लॅब टाकायचा आणि खांबांमधल्या लोखंडी सळया गच्चीवर तशाच उभ्या सोडायच्या. पुढेमागे वरचा मजला चढवायचा झाला तर त्याच सळयांना नव्या सळया बांधून खांब वर नेता येतो. आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतल्या, कुठल्याही गच्चीवर चढा, चहूकडे घराघरांवर सळयांचे झुबके उभे दिसतील. कुणाच्या सळया मोठ्या मुलासाठी असतात, कुणाच्या भाडेकरूसाठी आणि कुणाच्या नुसत्याच, शेजाऱ्यानं ठेवल्या म्हणून.

बाबा विजेच्या खात्यात लाइनमन होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरासमोरच्या खांबांवर चढल्यावर त्यांनी स्वतःचं घर बांधलं होतं, आणि ते त्या वर्षी नुकतंच पुरं झालं होतं. त्यांच्या हातात सिमेंट कालवलेलं घमेलं होतं आणि रंगाचा जुना ब्रश. लोखंड गंजू नये म्हणून ते एकेका सळईला सिमेंटचं पाणी फासत होते. मागच्या कोपऱ्यातल्या खांबापाशी आले तेव्हा एवढंच म्हणाले, "ही तुही खोली. खिडकी तलावाकडं काढू." मग पुढच्या सळईकडे वळले.

स्टँडवर आईनं सूचनांचा सपाटा लावला. पोचल्यावर फोन करजो, रोज जेवत जाजो, मावशीले त्रास नको देजो. हे करजो, जाजो, देजो आमच्याकडचं. आज्ञा आत्ताची नाही. आज्ञा देणारी समोर नसेल तेव्हा पाळायची आहे. इंग्रजीत यासाठी नेमकं काय म्हणतात, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. पुढे पडला आणि तो अजून सुटलेला नाही. त्या दिवशी मी फक्त हो हो म्हणत होते, आणि गाडी हलल्यावर, ठरवलं होतं तरी, रडले.

हे सगळं मी तुम्हा दोन्ही प्रकारच्या लोकांसाठी लिहितेय. तुम्ही जे लेआउटमध्ये राहिलात आणि दर वर्षी आपापल्या सळयांना सिमेंट लावत राहिलात, त्यांच्यासाठी. आणि तुम्ही जे माझ्यासारखे बॅग उचलून निघालात आणि आता कोथरूड, वारजे, वाघोली किंवा त्याहून लांब कुठेतरी बसून घरच्या फोनला काय उत्तर द्यायचं याचा विचार करता, त्यांच्यासाठी. तुमच्यापैकी कुणाला उत्तर सापडलं असेल तर मला जरूर कळवा. मी भविष्यकाळाची शिक्षिका आहे, तरी मला सापडलेलं नाही.

पुण्यात पहिली दोन वर्षं मी खडकीला शालूमावशीकडे काढली. तिचे यजमान दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, राहायला क्वार्टर होतं. कारखान्याच्या भोंग्यावर सगळ्या वसाहतीचं अंघोळपाणी चालायचं. मावशी पौर्णिमेला विहारात जायची, खीर करायची आणि घरी कुणी आलं की जयभीम करून आधी विचारायची, कुठले तुम्ही? समोरचा भंडारा, गोंदिया, चंद्रपूर असं काही म्हणाला की त्याच्या ताटात खीर जास्त पडायची. त्या दोन खोल्यांमध्ये मला घरची आठवण कमी आली, हे आईला मी कधी सांगितलं नाही.

नोकरी होती शिवाजीनगरच्या एका इंग्लिश स्पीकिंग क्लासमध्ये. तेव्हा असे क्लास गल्लोगल्ली निघाले होते. कंपन्या येत होत्या, जिथे काल ज्वारीची शेतं होती तिथे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि प्रत्येकाला लवकरात लवकर इंग्रजी बोलायचं होतं. क्लासचे मालक देव सर पेठेतले. पहिल्या दिवशी मला दहा मिनिटं उशीर झाला. सर घड्याळाकडे न बघता म्हणाले, "आपल्याकडे दहा जरा उशिरा वाजतात वाटतं." मी माफी मागितली. पुढच्याच आठवड्यात एका मुलीला मी सवयीनं "घरून करून आणजो" म्हटलं, तेव्हा सर दारात उभे होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, हे रूप कुठल्या व्याकरणात मिळतं, आम्हालाही जरा दाखवा. वर्ग हसला. त्या दिवसापासून माझं करजो-जाजो फक्त एसटीडी बूथमधल्या काचेच्या खोलीत उरलं.

शिकवायला मला भविष्यकाळ मिळाला. आधीच्या बाई भविष्यकाळ शिकवता शिकवता लग्न करून अमेरिकेला गेल्या, आपण निदान बॅच संपेपर्यंत थांबा, असं सरांनी बजावलं होतं. मला वाटलं, सोपं आहे. मराठीत करीन, जाईन म्हटलं की भविष्यकाळ झाला. पण इंग्रजी क्रियापदाला भविष्याचं स्वतःचं असं रूपच नाही. तिथे माणसाला आधी स्वतःची चौकशी करावी लागते. बोलता बोलता आत्ताच ठरवलंय? मग विल. आधीपासून मनात आहे, किंवा आभाळ भरून आलंय आणि पाऊस पडणार हे दिसतंय? मग गोइंग टू. तिकीट काढलंय, समोरच्याला सांगून झालंय? मग चक्क चालू वर्तमानकाळ, आय ॲम लीव्हिंग टुमॉरो. आणि गोष्ट आपल्या मर्जीवरच नसेल, वेळापत्रकात छापलेली असेल, तर साधा वर्तमानकाळ, द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स. फळ्यावर मी चार खण आखायचे आणि मुलांना वाक्यं टाकायला लावायचे. मुलं भराभर टाकायची. त्यांचा आत्मविश्वास बघून मला धडकी भरायची.

एकदा एक मुलगी अडली. तिचं लग्न ठरलं होतं, नवरा मुलगा अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये होता, म्हणून घरच्यांनी तिला घाईघाईनं क्लास लावला होता. तिनं लिहिलं होतं, आय विल गेट मॅरीड इन डिसेंबर. मी दुरुस्त केलं. तारीख ठरली आहे, हॉल घेतला आहे, मग आय ॲम गेटिंग मॅरीड म्हणायचं. ती वही हातात धरून उभीच राहिली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तारीख ठरलीय. माझं नाही ठरलेलं. मग कुठल्या खणात टाकू?" मी तिला सांगितलं, सध्या दोन्ही लिहून ठेव. याहून चांगलं काही मला सुचलं नाही. डिसेंबरनंतर ती दिसली नाही, म्हणजे एका खणात गेली असावी.

घरी फोन रविवारी व्हायचा. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता. शेजारच्यांकडे करायचा, मग ते हाक मारायचे आणि आई पदर सावरत यायची. आई भाजीपासून सुरू करून सगळ्या लेआउटच्या बातम्या द्यायची. बाबा शेवटी यायचे आणि दोन वाक्यं बोलायचे. पावसाळा संपला की त्यातलं एक ठरलेलं असायचं: सळाखीले सिमेंट मारलं. ते कधी येतेस हे विचारत नसत. ते विचारत नसत म्हणून मला वाटायचं की ते दर वेळी तेवढंच विचारतायत.

मग बऱ्याच गोष्टी भराभर झाल्या. हिंजवडीच्या एका कंपनीनं मला तिच्या इंजिनिअरांना बोलायला शिकवायला ठेवलं. क्लासमध्ये मी बाई होते, इथे ट्रेनर झाले. पगार वाढला, गळ्यात ओळखपत्र आलं. अनिलशी लग्न झालं. तो चंद्रपूरचा, दुसऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला होता. आम्ही वारजेला फ्लॅट बुक केला, म्हणजे एका खड्ड्याकडे बोट दाखवून बिल्डरच्या माणसानं आमचा चौथा मजला हवेत दाखवला आणि आम्ही दोघं माना वर करून तो बघत राहिलो. मुलगी झाली, मैत्री. तिला शाळेत घातलं. या सगळ्या काळात मी एकदाही बसून ठरवलं नाही की आता इथेच राहायचं. तुम्ही ठरवलं होतं का, खरं सांगा.

कंपनीत माझा मुख्य धंदा भविष्यकाळाचाच होता. आमच्या मुलांना कामाबद्दल विचारलं की ती म्हणणार, होऊन जाईल. हे होऊन जाईल इंग्रजीत गेलं की परदेशातला क्लायंट ते वचन समजून बसायचा, आणि मग सोमवारी आरडाओरडा. मी त्यांना शिकवायचे: कशाच्या भरवशावर बोलताय ते वाक्यात दिसू द्या. शुक्रवारपर्यंत झालेलं असेल, करायचा विचार आहे, करण्याच्या बेतात आहोत, प्रत्येकासाठी वेगळी रचना. मुलाखतीची तयारीही माझ्याकडेच असायची. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता, या प्रश्नाचं उत्तर मी शेकड्यानं मुलांकडून घोकून घेतलं. एकदा चहाच्या सुट्टीत रिकाम्या वर्गात मी ते स्वतःला विचारून पाहिलं. डोळ्यांसमोर एकदम तलाव आला, आणि लगेच त्यावर वारज्याच्या स्वयंपाकघराच्या टाइल्स. मी फळा पुसला आणि पुढची बॅच आत घेतली.

फ्लॅटच्या गृहप्रवेशाला आई-बाबा आले होते. बाबांनी नळ सोडून पाहिले, बटणं दाबून पाहिली, वायरिंगवर नापसंतीनं मान हलवली. मग आम्ही त्यांना लिफ्टनं वर टेरेसवर नेलं, तिथून लांबवर सिंहगड दिसतो म्हणून. बाबांनी सिंहगडाकडे बघितलंच नाही. ते टेरेसभर फिरत होते, खाली बघत, काहीतरी शोधत असल्यासारखे. शेवटी म्हणाले, "इथं सळाखी नाही ठेवल्या?"

अनिलनं समजावलं, की परवानगी असते तेवढे मजले बांधून झाले, आता वर काही चढायचं नाही. बाबांनी मैत्रीकडे बोट दाखवलं, ती तेव्हा अनिलच्या कडेवर होती, आणि विचारलं, "मंग हिनं काय करायचं?" आम्ही हसलो. ते हसले नाहीत. खाली आल्यावर आईनं विषय बदलला आणि त्या दिवसाचं जेवण चांगलं झालं.

आणि मग एका पावसाळ्यात तो फोन आला. तोवर बाबांकडे मोबाइल होता आणि ते त्यात ओरडून बोलायचे. स्वयंपाकखोलीत गळायला लागलं होतं. आईनं शेगडीजवळ गंज लावून ठेवला होता, म्हणजे तुमचं पुण्याचं पातेलं. मिस्त्रीनं येऊन पाहिलं होतं. पाणी सळयांच्या बुडातून स्लॅबमध्ये उतरत होतं. मिस्त्री म्हणत होता, एक तर वरचा मजला बांधा, नाही तर सळया कापून वरून पक्कं करून टाका. हे सगळं ओरडून सांगितल्यावर बाबांनी आवाज खाली आणला.

"कापू का ठेवू?"

मी म्हटलं, पाहते बाबा. आठवड्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा म्हटलं, दिवाळीत येतेय, तेव्हा बोलू. मैत्रीची परीक्षा आहे, अनिलचं रिलीज आहे, मला बरं नाही, जे हाताला लागलं ते सांगितलं. खरं असं होतं, की कापा म्हटलं तर मी कधीच परत येणार नाही हे मीच सांगितल्यासारखं होणार होतं, तेही बापाला, तेही फोनवर. ठेवा म्हटलं तर ते खोटं होतं आणि वर आईच्या स्वयंपाकात पाणी पडत राहणार होतं. बांधा म्हणावं तर कुणासाठी? अनिलला विचारलं तर तो म्हणाला, अगं, गळतंय ना, मग कापायलाच हवं, हा सरळ मेंटेनन्सचा इश्यू आहे. त्याचं बरोबर होतं. मला त्याचा फार राग आला.

त्याच सुमाराला एका बॅचमध्ये मी पुन्हा चार खण आखले. एका नव्या मुलानं हात वर केला. मॅम, आपलं आपल्यालाच माहीत नसेल तर यातलं काय वापरायचं? मी म्हटलं, मे बी लाव, माइट लाव. तो म्हणाला, तसं नाही मॅम, होईल की नाही याचा डाउट नाहीये, मला हवंय की नको तेच कळत नाहीये. मी त्याला ब्रेकनंतर बघू म्हटलं. ब्रेकनंतर दुसराच विषय घेतला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो. स्वयंपाकखोलीच्या छताला पिवळा डाग पडला होता, गंज अजून तिथेच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले. बऱ्याच वर्षांनी नीट बघितलं म्हणा, कारण एरवी आलं की पाहुण्यासारखं खालीच बसणं व्हायचं. सळयांच्या टोकांना बाबांनी प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या घातल्या होत्या. पुढच्या दोन खांबांमध्ये आईच्या कपड्यांच्या दोऱ्या होत्या, आणि अंगणात एवढं ऊन असताना ती कपडे वर का नेते ते मला पहिल्यांदा कळलं. एका खांबाला टीव्हीची छत्री बांधली होती. माझ्या कोपऱ्यातल्या सळयांवर दोडक्याचा वेल चढला होता आणि त्याला चांगले दोडके लागले होते. बाबा घमेलं आणि ब्रश घेऊन बसले होते. यंदा कापायच्या असतील तर सिमेंट कशाला लावता, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

नागपूर ते भंडारा गाडीत मी एक वाक्य घडवलं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांना वाक्यं घडवून दिली, स्वतःसाठी हे पहिलंच. ते मी म्हटलं. "बाबा, मी परत इथं राहायला येणार नाही."

बाबांनी ब्रश बुडवला, कडेला निथळवला. "ते मले मालूम हाये," ते म्हणाले. "तुह्या पुण्याच्या टेरेसवर गेलो तवाच समजलं. मी तुले सळाखीचं विचारत होतो."

त्या उत्तरावर मला बरं वाटायला हवं होतं. इतके महिने ज्याची भीती वाटत होती ते बोलून झालं होतं, आणि कुणी कोसळलं नव्हतं. पण मला बरं वाटलं नाही, उलट वाईट वाटलं. मी काहीतरी मोठं सांगायला आले होते आणि ते त्यांनी कधीच, मला न कळवता, एकट्यानं पचवून टाकलं होतं. मी विचारलं, मालूम होतं तर दर वर्षी सिमेंट कशाला लावत होतात? ते म्हणाले, मिस्त्री यायची वेळ झाली, खाली जाऊन चहा ठेव.

मिस्त्री कापायचं मशीन घेऊनच आला. शामराव त्यांचं नाव, आमचं घरही त्यांनीच बांधलेलं. आई मागोमाग वर आली आणि तिनं पहिल्यांदा स्वतःची बाजू मांडली. मजल्याचं काय करायचं ते करा, पण तिच्या दोऱ्या कुठं बांधायच्या ते आधी सांगा. शामरावांनी दोन पाइप रोवून देतो म्हटल्यावर ती थोडी शांत झाली. बाबांनी विचारलं, कापल्यावर पुढं कधी जोडता येतील का? शामरावांनी मान हलवली. बुडापासून कापल्या की संपलं, जोडायला निदान हातभर तरी लोखंड लागतं, त्याशिवाय नवी सळई बांधणार कशाला? मग ते जरा थांबले आणि म्हणाले, एक करता येते. हातभर ठेवू, बाकी कापू, आन भवती कच्च्या मालाचा, म्हंजे कमी सिमेंटाचा, ठोकळा करून टाकू. पाणी उतरत नाही. पुढं कधी लागलं तं ठोकळा फोडून घ्या.

बाबा माझ्याकडे वळले. आई, शामराव, सगळेच बघत होते. हा तोच प्रश्न होता, फक्त आता त्यातून मी सुटलेले होते. येणार नाही हे सांगून झालं होतं आणि त्यांनी ते मान्यही केलं होतं. आता कापा म्हणणं सगळ्यात सोपं होतं, मी त्याच तयारीनं वर आले होते.

"हातभर ठेवा," मी म्हटलं.

हे मी का म्हटलं, ते मला आजही सांगता येत नाही. ते आत्ता बोलता बोलता ठरवलं होतं की आधीपासून मनात होतं, माझ्याच खणांपैकी कुठल्या खणात ते बसतं, मला ठाऊक नाही. मी येणार नव्हते. मी येणार नाही. आणि तरी ते लोखंड बुडापासून कापलं जावं हे मला सहन होणार नव्हतं. बाबांनी ब्रश घमेल्यात ठेवला आणि माझ्या कोपऱ्यातला दोडक्याचा वेल हळूहळू सोडवायला घेतला. मग मशीन सुरू झालं आणि कुणालाच काही ऐकू येईना.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. छत गळत नाही. गंज पुन्हा भाताला लागला. आमच्या गच्चीवर गुडघाभर उंचीचे चौकोनी ठोकळे आहेत, वरून घोटून गुळगुळीत केलेले, आणि लेआउटमधली बायामाणसं ऊन खायला त्यांवर येऊन बसतात. शेजारच्यांनीही मग तेच करून घेतलं, कारण त्यांचे दोन्ही मुलगे हैदराबादला आहेत. इकडे पुण्यात मी अजून भविष्यकाळ शिकवते. खण चारच आखते. कुणी अडलं की सांगते, सध्या दोन्ही लिहून ठेव. हे उत्तर चुकीचं आहे असं आता मला वाटत नाही, पण बरोबर आहे अशी खात्रीही नाही.

घर कुठे, असं विचारलं की माझी गडबड होते. वारजे म्हणावं तर तिथे मी राहते, विजेचं बिल माझ्या नावावर येतं. भंडारा म्हणावं तर तिथे माझा एक कपडाही नाही. खडकीला मावशीचं क्वार्टर सुटलं, त्यात आता दुसरं कुणी आहे, तरी रेल्वेनं खडकी ओलांडताना मी खिडकीकडे सरकते. सोसायटीतल्या बायका सुट्टीत गावी चाललात का विचारतात, तेव्हा मी हो म्हणते. आणि भंडाऱ्याला पोचल्यावर शेजारीण विचारते, किती दिवस राहशीन, तेव्हा मी परतीचं तिकीट सांगते.

मागच्या खेपेला संध्याकाळी आम्ही तिघं वर होतो. मैत्री आता मोठी झाली आहे, माझ्याहून उंच. मोबाइलला रेंज मिळेना म्हणून ती ठोकळ्या-ठोकळ्यावर बसून बघत होती, आणि मागच्या कोपऱ्यात येऊन थांबली. मी तिच्या शेजारच्या ठोकळ्यावर टेकले. तिनं बुडाखालच्या सिमेंटवर बोटांनी टकटक केलं आणि विचारलं, "आजोबा, या ब्लॉकच्या आत काय आहे?"

बाबा दोऱ्यांवरचे कपडे काढत होते. वळले नाहीत. "तुह्या आईची खोली हाये."

मैत्रीनं वर पाहिलं. वर काहीच नव्हतं, आभाळ होतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि नेहमीसारखी काहीतरी टिंगल करेल असं वाटलं, पण तिनं सरळच विचारलं, "म्हणजे आपण आत्ता आत बसलोय?"

"हो," बाबा म्हणाले.

ठोकळा दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होता. मी जिन्याकडे तोंड करून बसले होते. उठले, आणि तलावाकडे तोंड करून बसले.